आधी लस दवाखान्यात येऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरील लसीबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचून इतका संताप आला, की सकाळी उठून आधी हे पत्र लिहायला बसले. सरकारने या लसीच्या भानगडीत पडू नये, ज्या पालकांना हवी ते घेतील, नको असेल ते घेणार नाहीत, असं लेखकमहाशयांचं म्हणणं आहे. जुन्या विडी घरकुलात, म्हणजे आपल्या सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत जाऊन तिथल्या एका तरी आईशी ते बोलले होते का, हे मला त्यांना विचारायचं आहे.

पुण्यात तयार झालेली देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा माझी नात अकरा वर्षांची होती. सुनेने आणि मी तिला लस द्यायचं ठरवलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, "एवढी घाई कशाला आजी, लग्न ठरलं की बघू." वास्तविक हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे (एचपीव्ही) होतो, त्याचा संपर्क येण्याआधी ही लस घ्यायची असते, म्हणून तर ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना देतात. शिकल्यासवरलेल्या डॉक्टरला हे मी सांगायचं? शेवटी दुसरीकडे मिळाली. एका डोसला दोन हजार, असे दोन डोस, डॉक्टरांची फी वेगळी. मला पेन्शन आहे, मी ते भरले.

महापालिकेच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आज विडी वळते. संक्रांतीला हळदीकुंकवाला येते. तिची मुलगी माझ्या नातीच्याच वयाची. लसीचं तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने विचारलं, "बाई, माझ्या पोरीला पण द्यायची का ती सुई? कुठं मिळंल?" तिने विचारणं साहजिक होतं, कारण तिची सासू याच आजाराने गेली. अंगावरून जात होतं ते तिने लाजेपायी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी माझ्या या विद्यार्थिनीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ही आमच्याकडं येतच नाही, बाहेरूनच घ्यावी लागंल." बाहेरची किंमत मी तिला सांगितली. दिवसभर मान मोडून हजार विड्या वळल्यावर मजुरी किती हातात पडते, ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या मुलीला लस मिळाली नाही. माझ्या नातीला मिळाली.

या बाईने नकार कधी दिला? तिला लस हवी होती, दारात जाऊन तिने मागितली. तुमच्या लेखकांच्या हिशेबात ती बहुधा 'लस न घेणाऱ्या' पालकांत मोजली जाईल, याची मला चीड येते.

लेखात २०१० चा दाखला आहे, पण अर्धाच. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याच्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले, ओरड झाली आणि केंद्र सरकारने काम थांबवलं. आश्रमशाळांच्या वॉर्डनने मुलींच्या आईबापांऐवजी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. तो गुन्हाच होता आणि ज्यांनी तो उघड केला त्यांचे उपकार आहेत. पण मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असं सरकारच्याच चौकशी समितीने सांगितलं. लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि आपल्या जिल्ह्याचं काय झालं, तेही नाही. त्याच आदेशाने लसीचे किती डोस पुरतात हे पाहणारा, देशात अनेक ठिकाणी चाललेला दुसरा अभ्यास एप्रिल २०१० मध्ये मध्येच बंद पडला. त्यात आपलं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटलही होतं. तोवर १७,७२९ मुलींना लस सुरू झाली होती. दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरले होते, पण ४,९५० मुलींचे पुढचे डोस राहिले, त्यांना एकच मिळाला. डॉक्टरांनी या मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की एका डोसनेही १६ आणि १८ या प्रकारच्या विषाणूंपासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं. या कॅन्सरच्या दहापैकी सात रोगिणींना तो याच दोन प्रकारांमुळे होतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असं म्हटलं, त्यामागे या मुलींची माहितीही होती. म्हणजे आपल्या बार्शीच्या कामातून जगभरातल्या गरीब मुलींची लस स्वस्त झाली, आणि इथल्या विडी कामगाराच्या मुलीला २०२३ मध्येही ती बाहेरून घ्या म्हणून सांगितलं गेलं. सिक्कीमने २०१८ मध्येच शाळाशाळांतून मुलींना दिली होती. महाराष्ट्राला तेव्हा काय अडचण होती?

सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२२ च्या निकालाचा लेखात मोठा आधार घेतला आहे. कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असं न्यायालयाने सांगितलं, ते मला पूर्ण मान्य आहे. माझ्या नातीला लस द्यायला कोणी जबरदस्तीने घरात घुसलं असतं, तर मीच आधी आडवी आले असते. पण तो निकाल कोविडच्या लसीचा होता आणि ती लस त्या वेळी सरकारी केंद्रात फुकट मिळत होती. समोर असलेली लस नाकारण्याचा हक्क न्यायालयाने राखला. जिच्यापर्यंत लस पोचलीच नाही, तिचं काय? लस दुकानातच राहू द्या, यासाठी तो निकाल दाखवणं मला सरळ वाटत नाही.

सरकारने लस द्यावी, फुकट द्यावी, जवळच्या आरोग्य केंद्रात द्यावी. संमतीपत्र मराठीत, आणि आपल्या शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवं, आईला वाचून दाखवलेलं हवं. सही मुख्याध्यापकांची चालणार नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल, तर तिलाही समजावून सांगायला हवं. कुणाला त्रास झालाच, तर त्याची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. हे सगळं असताना कोणी नको म्हणालं, तर ती खरोखर त्या घराची मर्जी. मी मान ठेवीन.

जाता जाता आणखी एक. ज्या पानावर हा लेख होता, त्याच पानावर खाली 'कॅन्सर मुळापासून बरा' करणाऱ्या औषधाची जाहिरात होती. कॅन्सर बरा करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या सासूने बार्शीला जाण्याआधी कित्येक महिने असल्याच पुड्या घेतल्या होत्या. लेख छापण्याचा तुमचा अधिकार आहे, ही जाहिरात छापण्याचा नाही. ती उद्यापासून बंद करावी आणि तसं पहिल्या पानावर कळवावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर