तारांच्या उपचारात दात आवळण्याची सवयही विचारात घ्यावी

महोदय,

माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचे वरचे पुढचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकतात (सामान्यतः हे झाकणे २ ते ३ मिलिमीटरच असते), म्हणून तिला तारा लावल्या. खालच्या दातावर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे ब्रॅकेट दोनदा निघाले, तेव्हा आम्ही चिक्कीला दोष दिला. प्रत्यक्षात, अभ्यासाला बसली की ती नकळत दात घट्ट आवळते. त्या वेळी जबड्याच्या कोपऱ्याजवळ बोट ठेवले तर गालाचा स्नायू सुपारीसारखा टणक लागतो. अशा उपचारात अनेकदा दाढा हिरडीतून किंचित बाहेर आणाव्या लागतात, पण बळकट, सतत आवळलेले स्नायू त्यांना उलट आत दाबतात आणि चावा उघडा ठेवण्यासाठी दातांमागे चिकटवलेले उंचवटेही झिजवतात. मूल रात्री दात खाते म्हणजे जंत झाले, असे समजून औषध देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीतच आहे. आम्हीही तेच केले होते. पुण्यातील दंतवैद्यांनी तारा लावण्यापूर्वीच ही सवय आवर्जून विचारावी आणि पालकांनी ती न लपवता सांगावी, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, कोथरूड, पुणे