कोयते निघाले, बोर्डिंगच्या मुलांसाठी धान्य द्या

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आपल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, गाडी दारात उभी असते. घरात म्हातारे कोणी असेल तर पोरगा गावात राहतो, नाहीतर आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातो. तो गुढीपाडव्याच्या सुमारास परततो, तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

आपले बोर्डिंग समाजकल्याणच्या अनुदानावर चालते. मंजूर संख्या 48. मुलामागे महिन्याला 2200 रुपये परिपोषण अनुदान मिळते. 2023 पर्यंत ते 1500 होते. या वाढीचा मोठा आधार झाला. तरी दिवसाला हे 73 रुपयेच होतात. त्यातच नाष्टा, दोन वेळचे जेवण, गॅस, साबण, तेल. अधीक्षक आणि स्वयंपाकीण काटकसरीने हे निभावतात. अडते ते उधारीपाशी. अनुदान हप्त्याने येते, तोवर किराणा उधार आणावा लागतो आणि उधारीच्या मालात घासाघीस करता येत नाही.

आणि यंदा मंजुरीबाहेरची 14 मुले आली आहेत, बहुतेक इथल्याच मुलांचे धाकटे भाऊ. त्यांच्या नावावर एक रुपयाही येत नाही. त्यांना परत पाठवायचे म्हणजे फडावर पाठवायचे. ते आम्ही करणार नाही, असे समितीने एकमताने ठरवले आहे. पण 48 जणांच्या ताटातले काढून 14 जणांना वाढणे हाही अन्यायच. (मुलींची इथे सोय नाही, ही मोठी उणीव आहे. तो विषय येत्या ग्रामसभेत मांडणार आहोत.)

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. आम्ही तेवढे मागत नाही. 62 मुलांना दिवसाला साधारण 20 किलो पीठ लागते, म्हणजे महिन्याला सहा क्विंटल. बाजरी नुकतीच घरात आली आहे, त्यातली पायली-दोन पायली द्या. तूर निघाली की डाळीपुरती, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की खळ्यावरूनच बोर्डिंगचा वाटा बाजूला काढा. गिरणीवाल्यांनी आठवड्यातून एक दळण बिनपैशाने करून दिले, तर तीही मोठी मदत होईल. ज्यांची शेती नाही त्यांनी गोडेतेल, शेंगदाणे, अंघोळीचा साबण द्यावा. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेल्यांनी एका मुलाचा महिन्याचा खर्च उचलावा.

धान्य वजन करून घेतले जाईल आणि पावती मिळेल. कोणी काय दिले आणि रोज किती शिजले, हे दाराजवळच्या फळ्यावर लिहिले जाईल. केव्हाही येऊन पाहा. रोख रक्कम कोणाच्या हातात देऊ नका, समितीच्या बँक खात्यातच भरा. धान्य रोज सकाळी आठ ते दहा या वेळेत बोर्डिंगच्या कोठीत घेतले जाईल. ज्यांना आणणे जमणार नाही त्यांनी निरोप पाठवावा, आमचा माणूस पोते घेऊन घरी येईल.

आपले नम्र,
स्थानिक व्यवस्थापन समिती, वसतिगृह