एक गॅली, एक बार्ज

माशेल, गोवा
आषाढ वद्य तृतीया

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "पावणेपाच झाला, बाबा" म्हणालीस, तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. तू चष्म्याचा नंबर सांगत होतीस. मग एका दमात म्हणालीस, "आता अभ्यासापुरतंच वाचणार, बाकीचं वाचन बंद," आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय.

हे पत्र मुद्दाम हाताने लिहितोय. काळी शाई, एक ओळ सोडून एक ओळ, अक्षर नेहमीपेक्षा मोठं. हातभर लांब धरून वाच. घरात आपण जन्मभर कोंकणी बोललो, पण कागद पुढ्यात आला की माझ्या हातून मराठीच उतरते, त्याला इलाज नाही.

आधी माझ्या वाट्याचं सांगतो. तू चौथीत असताना तुझ्या बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली होती की मुलगी फळ्यावरचं चुकीचं उतरवते. ती चिठ्ठी मी वाचली, सही केली आणि वर्षभर काही केलं नाही. एवढ्या लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढत जातो, हे मी ऐकून होतो. आणि, आता लिहायला लाज वाटते, मुलीच्या नाकावर चष्मा म्हणजे पुढे कटकट, हेही कुठेतरी मनात होतं. त्या वर्षात तू बसचा बोर्ड वाचत नव्हतीस. पणजीची बस तू रंगावरून ओळखायचीस, हे मला माहीतच नव्हतं. एकदा मालकाने गाडीला नवा रंग दिला आणि तू भलत्याच बसमध्ये चढून बाणस्तारीच्या पुलापलीकडे जाऊन रडत उभी राहिलीस. तेव्हा कुठे मी तुला फोंड्याला डॉक्टरकडे नेलं. पावणेदोन निघाला. चष्मा मिळाला त्या संध्याकाळी परतताना तू वाटेतला एकेक बोर्ड मोठ्याने वाचत होतीस, टायरच्या दुकानापासून दंतवैद्यापर्यंत. शेजारची बाई म्हणाली, "हुशार आहे हो पोर." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

चष्म्याने नंबर वाढत नाही. पूर्वी मुद्दाम कमी नंबरचा चष्मा द्यायचीही पद्धत होती, म्हणजे डोळा आळशी होणार नाही म्हणून. तपासून पाहिलं तेव्हा त्याने नंबर रोखला जात नाही, उलट थोडा जास्तच वाढतो, असं दिसलं. तेव्हा वर्गात चष्मा काढून पर्समध्ये ठेवायची तुझी सवय मला तुझ्या आईने सांगितली आहे, ती बंद कर.

तुझा डोळा नेमका कसा आहे ते मी डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं. मोठ्या माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तुझा त्याहून लांबट वाढला आहे, म्हणून लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर अडीच-तीनने चढतो, म्हणजे तुझा सगळा पावणेपाच पावणेदोन मिलिमीटरचा आहे. आमच्या छापखान्याच्या धंद्याच्या मापात पाच पॉइंट. तेवढ्याशा जागेसाठी आम्ही कंपोझिटरशी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याशी, भांडायचो.

वाढलेला डोळा परत आखूड होत नाही. डोळ्यांचे व्यायाम, आवळ्याचा रस, मधाचं बोट, गाजरं, कशानेच नाही. गाजर, पपई, तांबडी भाजी खा, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो ते खरंच आहे. पण भाजीने पाच पॉइंट कमी होत नाहीत.

मग दोष पुस्तकांचा का? तासन्तास जवळचं बघण्याचा त्यात हात आहेच. तुझ्या आईला चष्मा, मामाला चष्मा, तेही आहे. पण मला जे वाचून चटका बसला ते वेगळंच होतं. तैवानमध्ये शाळकरी पोरांचे चष्मे इतके वाढले की 2010 पासून त्यांनी शाळांतून पोरांना रोज दोन तास उघड्यावर काढायचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यानंतर तिथलं वर्षानुवर्षं चढत आलेलं प्रमाण उतरायला लागलं. दिवसाच्या उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य स्रवतं आणि ते नेत्रगोलाची लांबी आवरून धरतं, असं मानतात. घरातला उजेड त्याला पुरत नाही.

हे वाचलं आणि मला माजघरातली ती खिडकी आठवली. आजोबांच्या वेळची, काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असलेली. तिच्याखाली पाट टाकून तू सुट्टीभर वाचत बसायचीस. लोण्यासारखा मऊ उजेड, डोळ्यांना त्रास नाही, मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. परवा फोनवर उजेड मोजायचं ॲप घेतलं आणि भर दुपारी तिथे ठेवलं. शंभर लक्ससुद्धा भरेना, लक्स म्हणजे उजेडाचं माप. मग छत्री धरून राजांगणात तुळशीपाशी गेलो. आषाढातलं काळंकुट्ट आभाळ, पाऊस चालू, तरी आकडा चार हजारांच्या वर. मी तो तीनदा मोजला. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण बाहुली आपोआप लहानमोठी होते, आतला पडदाही जुळवून घेतो आणि सगळं सारखंच भासतं.

अंधूक उजेडात वाचून डोळे फुटत नाहीत, हेही त्याच झटक्यात कळलं. शिणतात, डोकं दुखतं, झोप झाली की पूर्ववत होतात. आम्हाला लहानपणी त्यावरून मिळालेले धपाटे फुकट गेले.

म्हणजे शर्वरी, तू वाचलंस ते चुकलं नाही. मी तुला उठवलं नाही ते चुकलं. देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला चाललेला असायचा, गावातली झाडून सगळी पोरं अंगाला तेल चोपडून चिखलात लोळायची, आणि तू देवळाच्या पायरीवर पुस्तक घेऊन. लोक म्हणायचे, "बापाचे गुण उतरलेत," आणि मला ते गोड लागायचं. यंदाही गेलो होतो. पायरी रिकामी होती.

आता गॅलीची गोष्ट. तुला वाटेल बाबा पुन्हा सुरू झाले, पण ही तू ऐकलेली नाहीस. मी 1986 ला छापखान्यात लागलो तेव्हा खिळ्यांचा जमाना सरत आला होता, पण रात्रपाळीला हातभर लांबीची गॅली प्रुफं, म्हणजे जुळवलेला मजकूर तपासायचे छापील कागद, अजून येत. एकाने मूळ कॉपी वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. बारीक टाइप, कच्ची शाई, वर ट्यूबलाइट फडफडणारी. आमच्या मुख्य मुद्रितशोधकांचा एक दंडक होता. गॅली संपली की उठायचं, मांडवीकडच्या खिडकीत जायचं आणि एक बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोट, नदीतून जाईपर्यंत बघत उभं राहायचं. तेव्हा खनिजाच्या बार्जींची रांग असायची, रात्रीही दिवे लावून चाललेल्या. "एक गॅली, एक बार्ज" असं ते म्हणायचे. आम्हा पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला विडी ओढायला निमित्त हवं. विडी तर ते ओढायचेच. पण त्यांच्या हाताखाली काम करून मी पस्तीस वर्षं प्रुफं वाचली, आणि चाळिशी लागली ती चाळिशीतच, इतरांना लागते तशी.

हल्ली डॉक्टर सांगतात ते हेच: वीस मिनिटं जवळचं पाहिलं की वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळून भिंग फुगवून धरतो, लांब बघितलं की तो सैल होतो. त्याने नंबर थांबतो असं नाही, पण दिवसअखेरीची ती ठणक जाते. दुसरं, एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, फोन-कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. तू जी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तक्रार करतेस ती त्यामुळे. निळ्या उजेडाच्या चष्म्याचे पैसे मागितलेस, ते मी पाठवणार नाही. त्याने शीण कमी होतो असं तपासणीत सिद्ध झालेलं नाही. त्या पैशांत चपला घे आणि सकाळी कॉलेजला चालत जा.

तुझ्या हॉस्टेलसमोर बार्जी नाहीत, टेकडी मात्र आहे असं तूच म्हणाली होतीस. एक प्रकरण, एक टेकडी.

आणखी थोडं, भराभर. औषधाच्या दुकानातून विचारून थेंब आणू नकोस. लालीवर जे झटकन उतारा देतात त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आणि ते सवयीने घातलं तर काचबिंदू, मोतीबिंदू दोन्ही ओढवतात. लेन्स लावतेस तर लावून झोपायचं नाही आणि नळाचं पाणी तिला लागू द्यायचं नाही. इथे आलीस की लेन्स घालून समुद्रात किंवा ओहोळात उतरणं बंद. मावशी म्हणते लग्नाआधी लेझर करून घ्या. तिला म्हणावं, आधी नंबर वर्षभर एका जागी थांबू दे, मग तुझ्या मनात आलं तर तुझं तू ठरव. आणि लेझरने बुबुळाचा वरचा आकार बदलतो, मागे ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो. म्हणून वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासायचाच, चष्मा गेला तरी. कधी अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळ्या ठिपक्यांचा थवा आला किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर परीक्षा असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे वाक्य मी मुद्दाम सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिलंय.

आता तुझ्या "वाचन बंद"बद्दल. आजीचं तुला अर्धवटच आठवत असेल. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले तरी ती ऑपरेशनला तयार नव्हती. देवीला चांदीचे डोळे वाहिले होते, म्हणे ते पुरे. पण श्रावणातली पोथी तिने एक वर्ष चुकवली नाही. राजांगणाच्या कडेला बसायची, पोथी उघडायची आणि वाचायची, पानं नेमक्या जागी उलटायची. दिसत काहीच नव्हतं. सहा वर्षं तिने पाठ असलेली पोथी अशी "वाचली". शेवटी ऑपरेशन झालं, आणि पहिल्याच श्रावणात तिसऱ्या अध्यायापाशी ती थबकली. एक शब्द ती इतकी वर्षं चुकीचा म्हणत आली होती. देवावर रागावली नाही, माझ्यावर रागावली. "तू प्रुफं वाचतोस ना? मग ऐकत कसला बसला होतास?" मी तो शब्द दर वर्षी ऐकला होता. सांगायचा धीर झाला नाही, इतकंच. तर, डोळे नव्हते तेव्हा जिने वाचन सोडलं नाही, तिच्या नातीने पावणेपाचला सोडावं हे मला पटत नाही.

दर शनिवारी आपण पणजीत पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचो. 1832 पासूनची ती संस्था आहे. तिथून निघताना तू पिशवीतलं पुस्तक बसमध्येच उघडायचीस. पणजी ते रायबंदर तो तीनेक किलोमीटरचा बांध पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये घातलेला, एका बाजूला मांडवी, पलीकडे चोडण, आणि तुझं डोकं पुस्तकात. तेवढा बांध ओलांडेपर्यंत तरी ते पुस्तक मी मिटवायला हवं होतं. आता तू वाच, हवं तितकं वाच. फक्त फोनवर आडवं पडून वीतभर अंतरावरून नको. कागदावर वाच, कोपर ते मूठ एवढं अंतर ठेवून. आणि दिवसाचं वाचन गच्चीवर, सावलीत बसून होत असेल तर उत्तमच.

एक कबुली राहिली. तू दर खेपेस विचारतेस आणि मी "हो, दाखवलं" म्हणतो, ते खोटं आहे. रक्तात साखर सापडून नऊ वर्षं झाली आणि पडद्याची तपासणी दोन वर्षांत केलेली नाही. दिसतंय चांगलं, मग कशाला, असं मनात येतं. मधुमेहात दिसणं बिघडेपर्यंत पडद्याचं नुकसान कितीतरी पुढे गेलेलं असतं, हे माहीत असूनही. चौथीतल्या चिठ्ठीवर सही केली तो माणूस अजून आहेच. येत्या मंगळवारी बांबोळीला इस्पितळात जातोय. आई बरोबर येते म्हणाली, तेवढ्यासाठी की मी पणजीलाच उतरून चहा पिऊन परत येऊ नये.

थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं दिसत नाही. म्हणजे परतीच्या बसमध्ये पेपर नाही, काही नाही. गॉगल लावून नदीच्या बाजूच्या सीटवर बसेन. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून बार्जींची ती रांग गेली, एखादी दिसली तर तुला कळवतो. साडेचारच्या सुमारास फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. सोलं आणि आंबाड्यांचं लोणचं शेजारच्या मुलाबरोबर पाठवलंय, रविवारी पोचेल. आणि परवाच्या मेसेजमध्ये तू "द्रुष्टी" लिहिलं होतंस. दृष्टी. द-ला ऋकार.