तारखेला सोबत येणारं माणूस हवं आहे

इचलकरंजी, शहापूर, कबनूर, यड्राव आणि आसपासच्या सर्व नागरिकांस सप्रेम नमस्कार.

गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या ज्या अल्पवयीन मुलांसाठी हे आवाहन करतो आहोत त्यांचा फोटो आम्ही छापू शकत नाही. नाव, गल्ली, शाळा, हातून काय घडलं, यातलं काहीच सांगू शकत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा नसता तरी आम्ही ती सांगितली नसती. "आधी पोरगं दाखवा, मग पावती फाडतो," असं गेल्या वर्षी एक कारखानदार म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण या कामात पोरगं दाखवता येत नाही, आणि म्हणूनच देणगीदार मिळवणं जड जातं.

आमची नागरिक समिती परिवीक्षेवर, म्हणजे बोलीत प्रोबेशनवर, घरी सोडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर काम करते. चोरीची मोटारसायकल, हिसकावलेला मोबाईल, मिरवणुकीतली मारामारी, अशा प्रकरणांत ही मुलं सापडलेली असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशभरात अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र वरच होता. पकडलेल्यांत सोळा ते अठरा वयाची मुलं सर्वांत जास्त होती. आपल्या गावातही तोच वयोगट दिसतो. दहावीच्या अलीकडे शाळा सुटलेली असते आणि कामाला लागायचं वय अजून झालेलं नसतं.

पोर घरी आलं म्हणजे सुटलं, असं गल्लीत सगळ्यांना वाटतं. पोराला तर वाटतंच. प्रत्यक्षात काय होतं ते थोडक्यात सांगतो. आपल्या जिल्ह्याचं बाल न्याय मंडळ कोल्हापूरला बसतं. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक महिला. चौकशीअंती मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचं दिसलं, तर कलम १८ प्रमाणे मंडळापुढे बरेच मार्ग असतात. समज देऊन सोडता येतं, समुपदेशनाला पाठवता येतं, समाजसेवा करायला लावता येते, पालकांना दंड करता येतो. चांगल्या वर्तणुकीची हमी घेऊन आईवडिलांच्या ताब्यात परिवीक्षेवर सोडता येतं, किंवा विशेष गृहात ठेवता येतं. परिवीक्षेची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. शाळेत किंवा प्रशिक्षणाला जा, अमुक ठिकाणी फिरकू नकोस, व्यसनमुक्तीचे उपचार घे, अशा अटीही मंडळ घालू शकतं. हमीपत्रावर आई अंगठा किंवा सही करते, आणि माय-लेक संध्याकाळच्या एसटीनं इचलकरंजीला परत येतात.

त्या कागदात तीन वर्षं लिहिलेली असतात, पण ती पार पाडायची कुणी?

बापाची यंत्रमागावर बारा तासांची पाळी. आई कापडाच्या घडीच्या नाहीतर मेंडिंगच्या, म्हणजे कापडातले दोष काढण्याच्या, कामाला, किंवा चार घरची धुणीभांडी. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला असतो आणि घर एका खोलीचं, म्हणून त्याची झोप मोडू नये यासाठी पोरालाच बाहेर हाकललेलं असतं. बाहेर कोण भेटतं हे सांगायला नको. ज्यांच्याबरोबर गुन्ह्यात सापडला तीच मंडळी कोपऱ्यावर मावा मळत उभी असतात. त्यातली बरीच वयानं मोठी, आणि पकडलं तर अल्पवयीन पोराच्या अंगावर ढकलून मोकळं होण्यात तरबेज. कोयता घेऊन काढलेल्या रीलला शेकड्यांनी लाईक मिळतात. त्यापुढे पीओ मॅडमनी, म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्यांनी, महिन्यातून एकदा येऊन सांगितलेल्या चार गोष्टी किती टिकणार?

मॅडमना दोष देण्याचा इथे हेतू नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचं काम लोकांना माहीतच नाही. मूल ताब्यात आल्यापासून दोन आठवड्यांत त्याच्या घराची, शाळेची, शेजाराची माहिती काढून सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे ठेवायचा असतो. मग तारखा. मग परिवीक्षेवरच्या मुलांच्या गृहभेटी आणि त्यांचे अहवाल. शिवाय काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, म्हणजे गुन्ह्याशी काही संबंध नसलेल्या मुलांच्या गृहचौकशाही बऱ्याचदा त्याच माणसाकडे येतात. तालुक्यांत विखुरलेली घरं, एसटीचा प्रवास, आणि भर दुपारी घराला कुलूप. इतक्या भागदौडीत एका पोराजवळ निवांत अर्धा तास बसणं कुणालाही जमणार नाही.

तो अर्धा तास आम्ही देतो. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या पत्राशिवाय कुठल्याही घरी जात नाही. पत्र आलं की एका मुलामागे एक कार्यकर्ता ठरतो आणि शक्य तोवर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. कार्यकर्त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, यंत्रमागांची देखभाल करणारे एक जॉबर आहेत, परिचारिका आहेत, एक वकीलही आहेत. पण वकिलांचा उपयोग कायद्यापेक्षा क्रिकेटच्या गप्पांना जास्त होतो, असं मुलांचं म्हणणं.

काम कसं चालतं त्याची कल्पना यावी म्हणून दोन-तीन मुलांच्या गोष्टी एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा सांगतो. मुलगा सोळा वर्षांचा, नववीत शाळा सुटलेली. घरी आल्यावर पहिला महिना बरा गेला. मग भागात एक गाडी चोरीला गेली आणि पोलीस थेट त्याच्या दारात. गाडी त्यानं नेली नव्हती, पण चौकशी सगळ्या गल्लीनं पाहिली आणि घरमालकानं खोली खाली करायला सांगितलं. तिथे कार्यकर्त्यानं जाऊन दोन गोष्टी केल्या. ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना भेटून, यापुढे काही विचारायचं असेल तर साध्या वेशात या आणि आधी पालकांना कळवा, अशी विनंती केली. ती त्यांनी मान्य केली. घरमालकाच्या ओसरीवर मात्र तीनदा जाऊन बसावं लागलं, तिसऱ्या वेळी चहा मिळाला.

पुढचा अडसर शाळेचा. दाखला काढायला गेल्यावर आधी जुनी फी मागितली, मग 'साहेब रजेवर', मग 'रजिस्टर सापडत नाही'. आई एकटी असती तर दुसऱ्या फेरीतच तिनं नाद सोडला असता, कारण प्रत्येक फेरीला तिचा खाडा पडतो. दाखला मिळाला आणि बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. त्याची मुदत हुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि या वयात रिकामं वर्ष म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. पोरगं अभ्यासाला बसत होतं असं नाही. गणिताच्या तासाला नेमकं पोट दुखायचं. मैदानावर मात्र वेळेवर यायचं, म्हणून शिकवणीच मैदानाशेजारी हलवली.

आणि तारखा. चौकशी चार महिन्यांत संपावी अशी कायद्याची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात ती लांबते. "तारीख हाय, पर मालक सुट्टी देत न्हाईत," हे वाक्य आम्ही आठवड्याआड ऐकतो. तारखेला कुणी गेलं नाही तर मंडळाला मूल बेफिकीर वाटतं, आणि घरात त्या दिवशीची मजुरी बुडाली नाही म्हणून हायसं वाटलेलं असतं. सकाळची गाडी पकडायची, कागदांची पिशवी सांभाळायची, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, पुढची तारीख नीट लिहून घ्यायची, येताना पोराला वडापाव खायला घालायचा. एवढ्यासाठी माणूस लागतं. त्याला शिक्षणाची अट नाही. संयमाची आहे.

काही मुलं पुन्हा अडकतात, हे लपवण्यासारखं नाही. तीन वर्षं सोबत करूनही एखादा अठरा पूर्ण झाल्यावर मोठ्यांच्या कोर्टात उभा दिसतो. त्या दिवशी कार्यकर्त्याला जेवण जात नाही. देणगी देताना हेही माहीत असावं, उगाच शंभर टक्क्यांची भाषा आम्ही करणार नाही.

आता रागाबद्दल. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला महागड्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो की, "काय, निबंध लिहून घेता का?" असा टोमणा बसतो. तो राग आम्हाला समजतो, आम्हालाही आला होता. पण तो निबंध जामिनाची अट होता, परिवीक्षा नव्हे, आणि आमच्याकडच्या मुलांच्या बापाकडे सायकलही धड नसते. सोळा वर्षांवरच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर कलम १५ प्रमाणे वेगळी पडताळणी होते आणि खटला प्रौढांप्रमाणे चालवण्याचा निर्णयही होऊ शकतो. त्यात आम्ही पडत नाही. ज्यांचा मोबाईल गेला, ज्यांच्या डोक्याला टाके पडले, त्यांनी या मुलांना माफ करावं असंही आमचं म्हणणं नाही. पोरगं शेवटी याच गावात राहणार आहे, याच रस्त्यावरून रात्रीचं फिरणार आहे. ते कुणाच्या नजरेखाली राहावं, एवढाच हिशेब आम्ही मांडतो.

गणेशोत्सवात पावतीपुस्तक घेऊन फिरायला, मंडप घालायला, पहाटेपर्यंत ढोल वाजवायला हीच पोरं सगळ्या मंडळांना चालतात. तेव्हा तरुण मंडळांकडे आणि तालमींकडे आमची पहिली मागणी आहे. संध्याकाळी सहा ते आठ अशा एखाद्या मुलाला मैदानावर, आखाड्यात, वाचनालयात जागा द्या. तो कोण आहे हे फक्त एका जबाबदार माणसाला माहीत असेल, बाकीच्यांना तो नवा पोरगा. बाल न्याय मंडळानं समाजसेवा करायला सांगितलेल्या मुलांसाठीही ठिकाणं कमी पडतात. एखादा दवाखाना, वृद्धाश्रम, बाग सांभाळणारी संस्था पुढे आली तर बरं होईल. झाडू हातात देऊन चारचौघांत उभं करणार असाल तर मात्र नको.

दुसरी मागणी व्यावसायिकांकडे. मोबाईल दुरुस्ती, वायरिंग, शिलाई, बेकरी, सायकल आणि दुचाकीचं गॅरेज, असं काही शिकवणारे हात हवेत. अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, तेव्हा काम, वेळ आणि विद्यावेतन आधी आमच्याशी आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांशी बोलून ठरवू. "उद्या गल्ल्यात हात घातला तर?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. पहिले काही महिने मुलाला गल्ल्यावर बसवू नका, असं आम्हीच सांगतो. बाकी, कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे नोकरी-शिक्षणात सर्वसाधारणपणे अपात्र ठरवता येत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात. गल्लीच्या तोंडी असलेल्या नोंदी नष्ट करायला मात्र कुठलंच कलम नाही, त्या तुमच्यासारख्या एखाद्या मालकाच्या भरवशानेच पुसल्या जातात.

महिला कार्यकर्त्यांची निकड सर्वांत जास्त आहे. या प्रकरणांत मुली थोड्या असतात, पण मुलगी आली की तिच्या घरी पुरुष कार्यकर्ता पाठवून चालत नाही. आया तर प्रत्येक घरी असतात, आणि खरं काय ते आई फक्त बाईजवळच बोलते.

पैशांचं म्हणाल तर एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा २०० रुपये देणारी शंभर माणसं आम्हाला हवी आहेत. मुलाची मुदत दोन-तीन वर्षांची असते, आणि मधेच निधी आटला तर कार्यकर्त्यानं दिलेला शब्द खोटा पडतो. एसटीचं भाडं, सतरा नंबरच्या फॉर्मचं शुल्क आणि पुस्तकं, आयटीआयला लागणारी हत्यारं आणि गणवेश, समुपदेशकाचं मानधन, नशेसाठी सोल्युशन हुंगणाऱ्या किंवा गांजात अडकलेल्या मुलाचे उपचार, यात पैसा जातो. मुलाच्या किंवा पालकांच्या हातात रोख रक्कम दिली जात नाही, शुल्क आणि साहित्य परस्पर भरलं जातं. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि वर्षाचा हिशेब कुणालाही कार्यालयात येऊन पाहता येईल, फक्त त्यात मुलांच्या नावाऐवजी क्रमांक दिसतील. देणगीसोबत फोटो, बॅनर किंवा मुलाच्या हस्ते सत्कार हवा असलेल्यांची आधीच क्षमा मागतो. निवडणूक जवळ आली की अशी विचारणा हमखास होते.

कार्यकर्ता म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता समितीच्या कार्यालयात आहे. आधार कार्डाची प्रत आणावी. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होईल आणि गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतली जाईल, त्यात कुणाला सूट नाही. आठवड्यातून दोन तास आणि महिन्यातून कोल्हापूरची एक फेरी, निदान वर्षभर, एवढं जमणार असेल तरच नाव द्यावं. दोन महिन्यांत कंटाळणाऱ्या माणसापेक्षा न आलेला माणूस मुलाला बरा.

जुने कपडे कृपया आणू नयेत, ते भरपूर आहेत. चालू स्थितीतली सायकल असेल तर जरूर आणावी. पंक्चर आम्ही काढून घेऊ, गॅरेजात शिकणारं एक पोरगं तयार आहे.

आपले नम्र,
समितीचे सर्व कार्यकर्ते, इचलकरंजी