चिपचे तक्ते वाचायलाही शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांत चिप डिझाइनचे अभ्यासक्रम सुरू होत असल्याच्या बातम्या आपल्या अंकात वारंवार वाचतो. चांगलंच आहे. पण तयार चिप बोर्डावर बसवणाऱ्यांचं काय? भोसरीत आमचं सहा माणसांचं सर्किट बोर्ड डिझाइनचं काम चालतं, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात एका बोर्डावरचा क्लॉक सिग्नल हेलकावे खात होता. ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, १८ सेंटीमीटरचा. बोर्डात सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर जातो आणि ही चिप एका नॅनोसेकंदात शून्यावरून ३.३ व्होल्टवर उडी मारते. म्हणजे टोकाला आपटून लाट परत येणारच. सिम्युलेशन करायचं ठरलं. चिपवाल्यांकडून मिळालं ते आयबिस मॉडेल. १९९३ पासूनची ही पद्धत: आतले ट्रान्झिस्टर गुपित ठेवायचे आणि बफर (पिनवर सिग्नल ढकलणारा चिपमधला भाग) बाहेरून कसा वागतो, म्हणजे किती व्होल्टेजला किती करंट, त्याचे तक्ते तेवढे द्यायचे. आमच्या फुकटच्या स्पाइसला (सर्किटचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) ते थेट पचत नाहीत, रूपांतर हातानं करावं लागतं.

आमच्या नव्या पोरानं (व्हीएलएसआयला, म्हणजे चिप डिझाइनच्या विषयाला, उत्तम गुण!) तक्ते जसेच्या तसे भरले. पिनवरचं व्होल्टेज ३.३ ओलांडून वर चढतच गेलं. दोन रात्री गेल्या. शेवटी मी फाइल कागदावर छापून पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा उलगडलं. पुलअपच्या (पिनला सप्लायकडे वर ओढणाऱ्या भागाच्या) तक्त्यातलं व्होल्टेज ग्राउंडपासून मोजलेलं नसतंच, ते सप्लायपासून खाली मोजतात. तिथं शून्य लिहिलंय म्हणजे पिन ३.३ वर आहे. पॉवर क्लॅम्पचंही (पिन सप्लायच्या फार वर जाऊ न देणाऱ्या भागाचंही) तसंच.

आणखी एक खोडी आहे. 'कमाल' रकान्यातले तक्ते म्हणजे जोमदार, जलद चिप. पण त्याच रकान्यातली पिनची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) म्हणजे नुसता सगळ्यात मोठा आकडा, आणि ती तर सिग्नलला मंद करते. हेलकाव्यांची सगळ्यात वाईट अवस्था बघायची तर तक्ते कमाल रकान्याचे आणि कपॅसिटन्स किमान रकान्याची घ्यावी लागते. हे आम्हाला तिसऱ्या रात्री कळलं.

उपाय निघाला ३३ ओहमचा एक रेझिस्टर, चिपच्या पायाशीच. तपकीर गल्लीतून आणून लावला, सिग्नल सरळ झाला.

पोराचा दोष नाही. चार वर्षांत त्याला अशी एक फाइल कुणी उघडून दाखवली नव्हती, आणि ती तर साध्या नोटपॅडमध्ये उघडते. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना विनंती, एक प्रॅक्टिकल एवढंच ठेवा: एक बफर घ्या, त्याचं स्पाइस मॉडेल करा. बहुतेक फाइलींत ५० ओहमच्या भारावरचे वेव्हफॉर्म (वेळेनुसार व्होल्टेज कसं बदलतं ते) दिलेलेच असतात. आपलं उत्तर त्यांच्याशी ताडून बघायला ऑसिलोस्कोपसुद्धा लागत नाही.

आपला,
एक बोर्ड डिझायनर, भोसरी, पुणे