आपलं टॅक्सॉल आणि आईची चप्पल

प्रिय मुग्धा,

आठ महिने झाले तुला काही लिहिलं नाही, फोनही उचलले नाहीत. रागव हवं तर, पण आधी हे वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

आईला केमो चालू आहे. ब्रेस्टचं. ऑपरेशन नीट झालं, जेवते बऱ्यापैकी, केस गेलेत. मी बरी. पहिल्या मंगळवारी सिस्टरनी बाटली लावली आणि मी सवयीनं लेबल वाचलं, पॅक्लिटॅक्सेल. मुग्धा, आपलं टॅक्सॉल गं! लॅबमधल्या उणे वीसच्या फ्रीजरमधली ती इवलीशी ट्यूब, जी उघडताना आपण श्वास रोखायचो. एकदा तू ते घालायलाच विसरलीस आणि स्लाइडवर काही उरलं नाही, सगळ्या मायक्रोट्यूब्यूल्स, पेशीतले ते बारीक रूळ, विरघळलेल्या, अख्ख्या दिवसाचं काम वाया आणि चार दिवस आपला अबोला. चूक तुझीच होती, अजूनही म्हणते. पण टॅक्सॉल घातलं की काचेला चिकटलेल्या कायनेसिनवरून, रुळांवर माल ओढणाऱ्या त्या प्रथिनावरून, ती मायक्रोट्यूब्यूल्सची लाल गांडुळं कशी झकास सरकायची, आणि तू प्रत्येकाला नाव द्यायचीस, सगळ्यात आळशी गांडुळाला मेसच्या मामांचं.

परवा आई भाजी आणायला गेली आणि एकाच चपलेनं परत आली. डावी वाटेत कुठंतरी निघाली आणि तिला कळलंच नाही. दारात उभी राहून मलाच विचारते, अगं दुसरी कुठंय? बोटं गेल्या दोन डोसांपासून बधिर आहेत म्हणे, बोलली नव्हती.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पेशी विभागायची तर मायक्रोट्यूब्यूल्सना सारखं वाढावं लागतं, मोडावं लागतं, टॅक्सॉल त्यांना आहे तसं धरून ठेवतं आणि ट्यूमरची पेशी मधेच अडकते, हे ठीक. पण चेतापेशी कुठं विभागतेय? तिला ते रूळ माल न्यायला हवेत. पेशीचा कारखाना कमरेपाशी कण्याजवळ आणि शेवटचं गिऱ्हाईक पायाच्या अंगठ्यात, मीटरभर लांब. कायनेसिनचं पाऊल ८ नॅनोमीटरचं, दर पावलाला एक एटीपी, पेशीचं इंधन. रात्री वहीत भागाकार केला, साडेबारा कोटी पावलं! आणि एकटं कायनेसिन एवढं जातच नाही, मायक्रोमीटरभर गेलं की सुटतं, मग दुसरं ओढतं. वेगात वेग दिवसाला ४० सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्यापर्यंत कमीत कमी अडीच दिवस. टॅक्सॉलनं रूळ बिघडून मालाची टंचाई आली की आधी शेवटच्या टोकालाच येणार ना, म्हणून आधी पाय, मग हात. आणि परतीचा माल ओढणारं डायनीन रखडलं की तिकडचा निरोपही वर येत नाही. एकच कारण नाही म्हणा, मायटोकॉन्ड्रियालाही मार बसतो, पण मला डोळे मिटले की रूळच दिसतात.

मग वाटतं, आपल्या स्लाइडवर टॅक्सॉल असतानाच तर सगळं छान चालायचं. पण तो रस्ता किती, दहावीस मायक्रोमीटर, आणि आपण बघायचो दहा मिनिटं. नसेतल्या रस्त्याचे जुने तुकडे सुटून नवे लागत राहावे लागतात, तेही वर्षानुवर्षं.

आठवतं, कायनेसिन चालतं की धडपडतं यावरून आपण कँटीन बंद होईपर्यंत भांडायचो? मी २००४ चा तो पेपर तुझ्यासमोर नाचवायचे, त्याच्या दोन डोक्यांपैकी, म्हणजे पायांपैकीच, प्रत्येक डोकं १६ नॅनोमीटर उडी घेतं (अख्खं कायनेसिन ८च सरकतं), मागचं पुढं, मग दुसरं, हे चालणं नाही तर काय! तू म्हणायचीस, सुटलेलं डोकं पाण्याच्या धक्क्यांत नुसतं भेलकांडतं, नेक लिंकर, डोक्याला जोडलेली ती पट्टी, पुढं चिकटतो म्हणून पुढची जागा सापडते इतकंच. तुझंही बरोबर होतं. काल आईला जिना उतरताना बघितलं. पाऊल टाकते आणि ते टेकलं का हे वाकून डोळ्यांनी बघते, मगच दुसरं उचलते.

तीन डोस राहिलेत. डॉक्टरांना कळलं तर ते डोस कमी करतील नाहीतर थांबवतील, आणि आईनं मला शपथ घातलीय. म्हणते, पाय बधिर झाला तर झाला, गाठ परत नको. काहींचा बधिरपणा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा राहतो तो राहतोच. गप्प बसले आणि तिचे पाय कायमचे गेले तर? सांगितलं, डोस कमी केला आणि आत काही उरलं तर? तरी मी मंगळवारी सांगणार आहे, चपलेसकट सगळं. तिची शपथ मोडून. आपल्या हातानं त्या ट्यूबा भरल्यात मुग्धा, मला माहीत असून गप्प कशी बसू?

तुझं नवं घर, जर्मनची परीक्षा, ओजसची शाळा, सगळं लिही. फोटो बघितले, पडदे छान आहेत.

सोमवारी रात्री दहाला फोन कर, तुमच्याकडे संध्याकाळ असेल. आई झोपली की मी गच्चीवर जाऊन बोलेन.

तुझी,
स्वाती