खूश आहात का हे विचारता, मत कधी विचारणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कंपन्यांमध्ये मोबाईलवर सर्व्हे येतो. कामावर खूश आहात का, साहेब ऐकून घेतात का, एक ते पाच मधला आकडा दाबा. लॉगिन एम्प्लॉयी नंबरनेच करायचं असतं, त्यामुळे नाव गुप्त राहील यावर लाइनवरच्या कुणाचा विश्वास नसतो आणि पोरं चहाच्या सुट्टीत धडाधड चार-चार दाबून मोकळी होतात. मग नोटीस बोर्डावर स्कोअर वाढल्याचं अभिनंदन!

खुशी मोजा हो, पण कारभारात कामगाराचं काही चालतं का ते कोण मोजणार? १९७६ साली घटनेत कलम ४३-अ आलं, कामगारांचा व्यवस्थापनात सहभाग. गंमत म्हणजे त्याच वर्षी जर्मनीने कायदा करून २००० च्या वर कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात (व्यवस्थापनावर देखरेख ठेवणारं मंडळ) निम्म्या जागा कामगारांना दिल्या. आपल्याकडे १०० किंवा जास्त कामगार असले तर वर्क्स कमिटी, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींची समिती, ती पण सरकारने आदेश काढला तर, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं आणि नव्या लेबर कोडमध्ये पण हेच आहे. जिथे कमिटी आहे तिथे बऱ्याचदा नावं एचआरच ठरवतं आणि मीटिंग कँटीनची भाजी नि बसच्या टायमिंगवर संपते.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने मोठ्या १००० लिस्टेड कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक आणि पर्यावरणाची जबाबदारी सांगणारा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात किती टक्के लोक युनियनमध्ये आहेत ते लिहायचं असतं. चांगलंय, पण तो तक्ता फक्त पर्मनंट लोकांचा! चाकण-रांजणगावला शॉपफ्लोअरवर जाऊन बघा कॉन्ट्रॅक्टची आणि ट्रेनी पोरं किती आहेत ते, मोजमापातच ती नाहीत तर कमिटीत कुठून येणार.

माझं म्हणणं एवढंच की त्याच रिपोर्टमध्ये अजून थोडं विचारा, कमिटीतले कामगार गुप्त मतदानाने निवडून आले की नेमले, त्यांनी मांडलेले किती विषय मान्य झाले, शिफ्ट बदलायच्या आधी त्यांना विचारलं की नंतर कळवलं, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मत होतं का. याने प्रॉडक्शन अडतं म्हणणाऱ्यांनी चाकणमधल्याच जर्मन कंपन्यांचे तिकडचे प्लांट कसे चालतात ते बघावं, तिथे कामगारांनी निवडलेली कौन्सिल असते आणि कामाच्या वेळा ठरवताना तिची संमती घ्यावी लागते. राज्याच्या कामगार खात्यानेही किती कारखान्यांत अशी कमिटी खरंच भरते त्याची यादी वेबसाइटवर टाकावी, त्याला काही नवीन कायदा लागत नाही.

आपला,
एक वाचक, भोसरी